साठीच्या उंबरठ्यावर काम मागणारी बाई

रेशीमबाग_रसिका (धागाकर्ती)

नीना गुप्तांचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टींवर येतात, त्यांचे फ्रॉक आणि त्यांचा कॉन्फिडन्स. मला तिसरंच बोलायचंय. २०१७च्या जुलैमध्ये या बाईंनी इन्स्टाग्रामवर, अख्ख्या जगासमोर काम मागितलं. मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधतेय, असा साधा मजकूर. वय ५८.

हे लिहिणारी कोण होती तेही बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली. नव्वदच्या दशकात दोन राष्ट्रीय पुरस्कार घेतलेली, त्यातला एक तर दिग्दर्शक म्हणून. ‘साँस’ मालिका स्वतः दिग्दर्शित करून तीत मुख्य भूमिका केलेली. एवढं सगळं गाठीशी असूनही तिला ‘मी आहे अजून’ असं ओरडून सांगावं लागलं. मग २०१८मध्ये ‘बधाई हो’ आला, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार आला, २०२०पासून ‘पंचायत’मधली मंजू देवी घराघरांत गेली आणि २०२४मध्ये ‘ऊंचाई’साठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

लोक म्हणतात, आत्मविश्वास होता म्हणून काम मागितलं. मला उलटं वाटतं. मागायची लाज आधी सोडली, काम मिळालं, मग आत्मविश्वास दिसायला लागला. आपल्याकडे पंचावन्नच्या पुढची बाई काम मागायला गेली की पहिला प्रश्न येतो, ‘का हो, घरी काही अडचण आहे का?’ पुरुषाला कुणी असं विचारत नाही.

तर नागपूरकरांनो, आपल्या इथे उशिरा किंवा दुसऱ्यांदा रंगमंचावर आलेल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. त्या नेमकं काय करतात, कशा टिकतात, ते लिहा. प्रेरणादायी सुविचार नकोत, ते सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर येतातच.

धंतोलीचा_दादा

ताई, नीना गुप्ता मुंबईत राहते, इंडस्ट्री तिला ओळखते, मुलगी नामांकित डिझायनर. ती पोस्ट मुलीनेच पुढे पाठवली म्हणून गाजली. उद्या आमच्या शेजारच्या काकूंनी फेसबुकवर ‘काम पाहिजे’ लिहिलं तर खाली ‘हॅपी बड्डे काकू’ म्हणून प्रतिक्रिया येतील. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांना शोभतात.

रेशीमबाग_रसिका

दादा, ओळखी होत्या हे मान्य. पण त्या ओळखी २०१६मध्येही होत्याच की. त्या ओळखीच्यांनी आपणहून फोन केला नाही ना? माझा मुद्दा तेवढाच आहे.

वाडीची_पोट्टी

मले एक सांगा, हे सगळं मुंबईच्या बायांचंच काहून बोलून राह्यले तुम्ही? आमच्या मावशीले पाहा. पन्नाशी उलटल्यावर झाडीपट्टीच्या नाटकांत उतरली. त्याच्या आधी लग्न, पोरं, सासूचं दुखणं, सगळं झालं. दिवाळी झाली का बॅग भरते अन् वडशाले जाते. होळीपर्यंत तिचा पत्ता नसते.

ज्याईले माहीत नसन त्याईच्यासाठी सांगतो. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं तेच. गावात मंडई (म्हणजे जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) भरला का रात्री नाटक. दहा-साडेदहाले पडदा उघडते अन् पहाटेलोक चालते. मधात गाणी, तीही जिवंत, ऑर्गन-तबल्यावर. थंडी अशी का स्वेटर काढून स्टेजवर जायचं अन् विंगेत आल्या आल्या पुन्हा घालायचं. मावशी आईचं काम करते, खाष्ट सासूचं करते, एकदा कंपनीची बाई आजारी पडली तं वकिलीणही झाली. नाटक सुटलं का गाडीत झोप, दुसऱ्या रात्री दुसरं गाव.

तिले म्हटलं, मावशे, थकत नाही काय? तं म्हणे, ‘घरी बसून जास्त थकत होती.’

धंतोलीचा_दादा

हे भारी आहे. पण घरचे काय म्हणतात?

वाडीची_पोट्टी

काका पयले तोंड फुगवून बसले होते. मंग एका सालच्या सीझनच्या पैशात घरावर नवे पत्रे पडले. आता तेच तिले बसस्टँडवर सोडाले जाते. एसटीत बायांले अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तं काकाच म्हणते, जा बापा, स्वस्त आहे.

गोकुळपेठ_गजाली

झाडीपट्टीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ची पद्मश्री याच रंगभूमीसाठी मिळाली. आपल्याकडचे काही लोक अजूनही ‘झाडीपट्टी म्हणजे गावठी’ म्हणून नाक मुरडतात. पुण्या-मुंबईत रात्रीचा प्रयोग साडेअकराला संपला की प्रेक्षक पार्किंगकडे पळतात. इथे शेतकरी पहाटे चारपर्यंत बसतो, तेही तिकीट काढून.

प्रॉम्प्टर

मी राज्य नाट्यस्पर्धेच्या नागपूर केंद्रावर वर्षानुवर्षं विंगेत उभा असतो, कधी प्रॉम्प्टर, कधी प्रकाशयोजनेचा मदतनीस. त्यामुळे ताईंच्या ‘नेमकं काय करतात’ या प्रश्नाला थोडं उत्तर देऊ शकतो.

हौशी नाटकात उशिरा आलेल्या बायांची पहिली भीती चेहऱ्याची नसते, पाठांतराची असते. एका ज्येष्ठ बाईंची पद्धत मी जवळून पाहिली. बँकेतून निवृत्त झालेल्या. दोनशेपानी वही, उजव्या पानावर स्वतःची वाक्यं मोठ्या अक्षरांत, डाव्या पानावर समोरच्याच्या वाक्याचे फक्त शेवटचे तीन-चार शब्द. कारण रंगमंचावर आपल्याला पकडायचं असतं ते तेवढंच. मग नातवाकडून मोबाइलवर समोरच्यांची सगळी वाक्यं वाचून घेतली, प्रत्येक वाक्यानंतर आपलं वाक्य बसेल एवढी मोकळी जागा ठेवून. इअरफोन लावून बाई मटार सोलताहेत आणि मधूनच ‘नाही, मी ही सही करणार नाही!’ असं मोठ्याने म्हणताहेत. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, इस्टेटीचं भांडण पेटलं.

दुसरी अडचण गुडघ्यांची. दिग्दर्शक पोरगा पंचविशीचा, त्याला त्या जमिनीवर बसून हंबरडा फोडताना हव्या होत्या. बाई म्हणाल्या, ‘बसते बाळा, पण उठवायला कोण येणार? आणि उठताना प्रेक्षक हसले तर तुझा सीन गेला.’ मग दोघांनी मिळून एक लाकडी पेटी ठेवली. ती पेटी नवऱ्याच्या कागदपत्रांची, म्हणून तिच्यावर बसण्याला अर्थही आला. परीक्षकांनी नेमकी त्या पेटीची तारीफ केली.

तिसरी गोष्ट काळोख. ब्लॅकआऊटमध्ये तरुण पोरं उड्या मारत विंगेत जातात. साठीच्या बाईला ते जमत नाही, डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. आम्ही तिच्या वाटेवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो. या बाईंनी तर तालमीच्या वेळीच पावलं मोजून ठेवली होती. पडदा पडल्यावर कुणी त्यांचा हात धरायला धावलं की रागवायच्या.

आत्मविश्वास म्हणतात तो मला तरी असल्याच गोष्टींत दिसतो. बाकी त्या वर्षी अभिनयाचं रौप्यपदक दुसऱ्याच मुलीला गेलं. यांना गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी लॅमिनेट केलं आणि स्वयंपाकघरात लावलं, दिवाणखान्यात नाही. का विचारलं तर म्हणाल्या, ‘मी जास्त वेळ कुठे असते?’

रेशीमबाग_रसिका

प्रॉम्प्टरदादा, यासाठीच धागा काढला होता.

अजनी_पॅसेंजर

जुन्या मराठी अभिनेत्रींना विसरू नका. ललिता पवार १९४२मध्ये नायिका म्हणून काम करत होत्या. चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेचं करिअर तिथे संपलं. त्यांनी तोच डोळा सासूच्या भूमिकांत वापरला. पुढे ‘अनाडी’तल्या मिसेस डीसाला फिल्मफेअर, आणि १९८७ साली दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तली मंथरा. आमची आजी टीव्हीसमोर बसून तिला खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायची.

आणि दुर्गा खोटे! ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी दोन मुलगे, १९३२चा ‘अयोध्येचा राजा’. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई पन्नाशी ओलांडल्यावरची. नुसती आईची कामं करून थांबल्या नाहीत, जाहिरातपट आणि माहितीपट काढणारी स्वतःची संस्था चालवली. ‘वागळे की दुनिया’ (१९८८) त्याच संस्थेची. म्हणजे आजकाल ज्याला ‘रीइन्व्हेंट’ म्हणतात ते आपल्या बायांनी इन्स्टाग्राम येण्याच्या कितीतरी आधी केलेलं आहे.

सिव्हिललाइन्स_संशयी

हे सगळं छान. पण मला एक खुपतं. आता ज्येष्ठ अभिनेत्रींचं कौतुक ‘सत्तरीतही किती तरुण दिसते’ असंच होतं. म्हणजे म्हातारं दिसायला बंदीच! हा कसला आत्मविश्वास? तिशीतला ताण आणखी चाळीस वर्षं पुढे ढकलला, झालं.

शंकरनगरची_सासू

म्हणून तर झीनत अमान आवडल्या. २०२३मध्ये एकाहत्तराव्या वर्षी इन्स्टाग्रामवर आल्या, केस पांढरे शुभ्र, आणि लिहितात पण काय सुंदर. एकेकाळी त्यांच्या दिसण्याशिवाय कुणी काही बोललं नाही, आता लोक त्यांचं लिहिलेलं वाचायला थांबतात.

मी मात्र केस रंगवते आणि रंगवणार. सोसायटीत कुणीतरी म्हणालं, ‘आता पांढऱ्याची फॅशन आहे, सोडा मेंदी.’ म्हणजे आधी काळे ठेवा म्हणून मागे लागायचे, आता पांढरे ठेवा म्हणून. आमचं डोकं आहे, आम्ही बघू ना.

सिव्हिललाइन्स_संशयी

हाहा, मान्य सासूबाई.

अजनी_पॅसेंजर

वयाचं म्हणाल तर रोहिणी हट्टंगडींचा प्रवास उलटा आहे. तिशीत कस्तुरबा केल्या (‘गांधी’, १९८२, बाफ्टा मिळालं), ‘सारांश’मध्ये तेहतिशीत मुलगा गमावलेली म्हातारी आई. आणि २०२३मध्ये बहात्तराव्या वर्षी ‘बाईपण भारी देवा’त मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरलेली मोठी बहीण. म्हातारपण आधीच उरकून घेतलं बाईंनी!

शंकरनगरची_सासू

तो सिनेमा आम्ही भिशीच्या सगळ्याजणी नऊवारी नेसून बघायला गेलो होतो. मध्यंतरात लेडीज टॉयलेटची रांग आणि त्या रांगेतच फुगडी. थिएटरवाल्या पोराला कळेना हसावं की थांबवावं. त्या सहा बहिणींत एकही विशीतली नाही, तरी मराठीत सगळ्यात जास्त कमावणाऱ्या सिनेमांत तो जाऊन बसला. निर्माते लोकांनी हे आधी का नाही ओळखलं? तिकीट काढणारी बाई कोण आहे ते बघायचंच नाही, आणि म्हणायचं प्रेक्षक नाही.

मालिकांचंही तेच. ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफांच्या आसावरीचं दुसरं लग्न दाखवलं, सोबत शेफच्या भूमिकेत आपले नागपूरचे गिरीश ओक. आमच्या घरी त्यावर जेवताना वाद व्हायचे. माझा मुलगा म्हणाला, ‘आई, तू हे फार लक्ष देऊन बघतेस.’ म्हटलं, ‘घाबरू नकोस, मला स्वयंपाकीण मिळाली तरी पुरे आहे.’

तर्रीबाज

मध्येच बोलतो, त्या मालिकेतला शेफ तर्री-पोहे करत नव्हता हा मोठाच दोष होता.

रेशीमबाग_रसिका

तर्रीबाज, तुमच्यासाठी वेगळा धागा आहे. इथे रस्सा सांडू नका.

सेल्फटेप_काकू

बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचत असते, आज लिहिते. मी प्रतापनगरला राहते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. कॉलेजात असताना नाटकं केली होती, मग थेट निवृत्तीनंतर एका हौशी संस्थेत. तिथल्या एका मुलाने सांगितलं, काकू, हल्ली ऑडिशनला मुंबईला जावं लागत नाही, फोनवर व्हिडिओ करून पाठवा. पूर्वी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर जा, तिथे कुणाच्या तरी घरी उतरा, दोन मिनिटांसाठी दिवसभर बसा आणि परत या. या वयात कोण करणार? आता ते संपलं.

पहिली टेप मे महिन्यात केली. ४५ अंश. खोलीत कूलर चालू, वाळ्याच्या ताट्या नवीन, फार छान हवा येत होती. रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या आवाजाच्या वर कूलरचा आवाज. कूलर बंद केला. घाम. पदराने पुसला तर पुसताना दिसते. पंखा लावला तर केस उडतात. शेवटी पहाटे साडेपाचला उठून केली, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून. तेव्हा कोकिळा ओरडायला लागली. म्हटलं ओरड बाई, तूही ऑडिशन दे.

सुरुवातीला स्वतःची ओळख सांगायची असते. नाव, वय, उंची, शहर, मग डावी बाजू, उजवी बाजू. पोलीस ठाण्यात फोटो काढतात तसंच वाटतं. पहिल्यांदा वय सांगताना माझा आवाज बारीक झाला होता. व्हिडिओ परत पाहिला तेव्हा ते ऐकू आलं आणि मला स्वतःचाच राग आला. शाळेत आठशे मुलांसमोर माइकशिवाय बोलणारी मी, आणि ‘एकसष्ट’ म्हणताना कसली कुजबुज? दुसऱ्या टेकमध्ये खणखणीत म्हटलं.

काम मिळालं का विचाराल तर, बऱ्याच टेप कुठे गेल्या देवाला ठाऊक. उत्तरच येत नाही. ‘नाही’ असंही कुणी कळवत नाही, त्याची सवय करावी लागते. एका जाहिरातीत आजी झाले, इथल्याच एका लघुपटात घरमालकीण झाले. जाहिरातीत माझा एकच शब्द होता, ‘वा!’ तो शब्द त्यांनी इतक्यांदा बोलून घेतला की शेवटी मला ‘वा’चा अर्थच कळेना.

प्रॉम्प्टर

काकू, तुम्ही नाटकात का दिसत नाही हल्ली?

सेल्फटेप_काकू

कुणी बोलावलं नाही. (आणि मी मागितलं नाही. धाग्याचं शीर्षक वाचतेय.) प्रॉम्प्टरदादा, यंदाच्या स्पर्धेसाठी तुमच्या ओळखीतल्या कुणाला साठीची बाई हवी असेल तर माझं नाव सांगा. पाठांतर उत्तम, जमिनीवर बसते आणि स्वतःची स्वतः उठतेसुद्धा.

प्रॉम्प्टर

सांगतोच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

घशाची_डॉक्टर

एक छोटी भर. रजोनिवृत्तीनंतर बऱ्याच स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो, घसा लवकर कोरडा पडतो. अनेकजणी घाबरतात आणि जुन्या पट्टीत ओढून बोलायला जातात, मग आवाज बसतो. उतरलेल्या पट्टीतच काम करा, पाणी पीत राहा, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. तालमीनंतर लगेच बर्फाचा गोळा खाऊ नका असं सांगते, ऐकत कुणी नाही.

निवृत्त_नवरा

बायकोने या धाग्याची लिंक पाठवली, त्यावरून काय ते समजलो. ती नाटकात जायला लागल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. पिठलं जमतं, भाकरी अजून गोल होत नाही. तक्रार नाही. फक्त तालीम नऊला संपते सांगून साडेदहाला येते, यावर कुणाकडे उपाय असेल तर कळवा.

वाडीची_पोट्टी

काका, पहाटे चारले येत नाही हे नशीब समजा 😄

धंतोलीचा_दादा

माझा खरा प्रश्न पैशांचा आहे, त्यावर कुणी बोललं नाही. हौशी नाटकात खिशातून जातात. नाव झालेल्यांचं ठीक, बाकीच्यांनी म्हातारपणी काय खायचं?

गोकुळपेठ_गजाली

दादा, त्यात तथ्य आहे. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारचं मानधन आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. २०२४मध्ये ते सरसकट महिना ५,००० रुपये झालं, वयाची अट पन्नास. उत्पन्नाचीही मर्यादा आहे, आणि कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे लागतात. तिथेच बाया अडकतात. पुरुषांकडे जुन्या पत्रिका, कात्रणं जपलेली असतात. बायांची कात्रणं लग्नात, घर बदलताना, रद्दीत गेलेली. ज्यांच्या घरी अशी आई-आत्या असेल त्यांनी आजच जुने फोटो, प्रयोगाच्या जाहिराती, प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवा. झाडीपट्टीच्या मावशीलाही सांगा, नाटकाची पत्रकं फेकू नकोस म्हणावं.

वाडीची_पोट्टी

सांगतो. तिच्या ट्रंकेत पिवळी-गुलाबी पत्रकं भल्ली आहेत. काही तं तिनं डब्यायच्या खाली अंथरले आहे, ते काढून घेतो.

शंकरनगरची_सासू

आणि अजून एक, ऑडिशनच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. माझ्या मैत्रिणीला ‘मालिकेत आजीचा रोल पक्का, फक्त कार्ड बनवायचे पैसे भरा’ म्हणून फोन आला होता. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. शूटिंगचा पत्ता विचारला तेव्हा पलीकडून फोन कट झाला.

सेल्फटेप_काकू

अगदी बरोबर. ‘पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा’ म्हणणारेही त्यातलेच. आपल्या वयाला पोर्टफोलिओ लागत नाही. खिडकीजवळ उभं राहून काढलेले तीन साधे फोटो चालतात, एक समोरून, एक बाजूने, एक पूर्ण उभा. मेकअप नको, भरजरी साडी नको, त्यांना आपला चेहरा बघायचा असतो.

महाल_माहेर

काकू, मी छप्पन्न वर्षांची. हे सगळं वाचून आज दुपारीच टेप करून बघावी म्हणते. मागे भिंत कुठली घ्यावी? आमच्याकडे एक पांढरी आहे आणि एक देवघराची.

सेल्फटेप_काकू

देवघराची नको, सगळं लक्ष समईकडे जाईल. पांढरीवर फोन चेहरा काळा दाखवतो. फिकट निळी किंवा राखाडी चादर असेल तर ती टांगा, इस्त्री करून. आणि दुपारी नको हो, कूलर बंद ठेवावा लागतो. सकाळी करा.